महिन्याचं घड्याळ मेंदूत नसतं

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथल्या जेमतेम एक-दोन हजार मज्जापेशी जीएनआरएच नावाचं हार्मोन बनवतात. अवघ्या १० अमिनो आम्लांची ही साखळी, पण वयात येणं, पाळी, शुक्राणू तयार होणं, सगळ्याची सुरुवात तिच्यापासून होते. तिची रचना १९७१ मध्ये उलगडली आणि मेंदूतल्या अशा हार्मोन्सवरच्या कामासाठी अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांना १९७७ मध्ये नोबेलही मिळालं. आता ज्याच्या शरीरात हे हार्मोन बनत नाही त्याला ते बाहेरून भरपूर आणि सतत देत राहिलं की काम व्हायला हवं, असं कुणालाही वाटेल.

होतं उलटंच. १९७८ मध्ये अर्न्स्ट क्नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे माकडिणींवर करून पाहिलं. त्या माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला नेमका हा भाग निकामी केलेला होता. जीएनआरएच शिरेतून अखंड सोडत राहिलं तेव्हा पुढची यंत्रणा ढिम्म हलली नाही. तेच हार्मोन तासातून एकदा, काही मिनिटांपुरतं दिलं आणि ती सुरू झाली.

याचं कारण पेशीच्या पृष्ठभागावर सापडतं. हायपोथॅलॅमसच्या खालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या पेशींना जीएनआरएचचा निरोप सतत येत राहिला, की त्या तो निरोप घेणारे रिसेप्टर आत ओढून घेतात आणि बहिऱ्या होतात. निरोप ठोक्याठोक्याने आला तर मधल्या वेळात त्या पुन्हा सज्ज होतात. डॉक्टरांनी याचा दोन्ही बाजूंनी उपयोग केला. प्रोस्टेटचा कॅन्सर, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) किंवा अगदी लहान वयात सुरू झालेलं वयात येणं, अशा वेळी जीएनआरएचसारखंच पण दीर्घकाळ टिकणारं औषध देऊन सगळी यंत्रणा तात्पुरती बंद पाडतात. पहिले काही दिवस हार्मोन्स उलट वाढतात, मग कोसळतात.

दुसरी बाजू म्हणजे ज्यांच्यात हा ठोकाच नसतो ते. या मज्जापेशी गर्भावस्थेत नाकाच्या जागी जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत जातात. त्यांचा प्रवास अर्धवट राहिला तर ते मूल मोठं झाल्यावर आपोआप वयात येत नाही, आणि त्याला वासही येत नाही. याला कॉलमन सिंड्रोम म्हणतात. अशा स्त्रीच्या अंगावर लहानसा पंप लावून दर ९० मिनिटांनी जीएनआरएचचा एक डोस दिला तर तिचं स्त्रीबीज तयार होऊन बाहेर पडू शकतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. क्नोबिल यांच्या माकडिणींना तासाला एक ठोका मिळत होता, महिनाभर तसाच, वेग न बदलता. तरीही त्यांचं चक्र पूर्ण चाललं. महिन्याच्या मध्यावर हार्मोनची लाट आली, बीज बाहेर पडलं, पुढे पाळी आली. ठोका एकसारखा असताना महिना कोण मोजत होतं? अंडाशयातलं फॉलिकल, म्हणजे बीज आणि त्याभोवतीचं पेशींचं वेष्टण. उंदरांमध्ये मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळ या लाटेची वेळ ठरवतं. माणसात आणि माकडात मेंदू ठोका देतो, ऐकतो, प्रतिसाद देतो, पण तारीख खालून येते. ‘मेंदू मालक आणि बाकीचे अवयव नोकर’ असं जे चित्र पुस्तकांतल्या बाणांमुळे डोक्यात बसतं, ते मला म्हणूनच दिशाभूल करणारं वाटतं.

रक्ताचा रस्ता आणि नळ्यांचा रस्ता

यंत्रणेचे मजले तीन. वर हायपोथॅलॅमस, त्याखाली कवटीच्या हाडाच्या खोबणीत बसलेली, जेमतेम अर्धा ग्रॅम वजनाची पिट्युटरी, आणि बरंच खाली स्त्रीमध्ये दोन अंडाशय, पुरुषामध्ये दोन वृषणं. वरच्या दोन मजल्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांची खास जोडणी आहे. जीएनआरएच तेवढ्याच वाटेने जातं आणि काही मिनिटांत निम्मं नष्ट होतं, त्यामुळे दंडातून रक्त काढून ते मोजण्यात अर्थ नसतो. पिट्युटरी मात्र एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स सगळ्या शरीरभर सोडते. स्त्री असो वा पुरुष, हीच दोन.

निरोप रक्तातून जातो हे पहिल्यांदा दिसलं ते कोंबड्यांमध्ये. १८४९ मध्ये आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी काही तरुण कोंबड्यांची वृषणं काढली. ते कोंबडे मऊ पडले, तुरे खुरटले, आरवणं आणि भांडणं थांबलं. काहींच्या पोटात मात्र त्यांनी वृषण वेगळ्याच जागी परत ठेवलं. त्याचे जुने मज्जातंतू तुटलेले होते, पण नव्या जागी नव्या रक्तवाहिन्या उगवल्या आणि ते कोंबडे इतरांसारखेच रुबाबदार राहिले. ‘हार्मोन’ हा शब्द तेव्हा जन्मायचा होता.

अंडाशय आणि वृषणं दोन वेगळी कामं करतात आणि त्यांचा माल दोन वेगळ्या रस्त्यांनी जातो. हार्मोन्स रक्तात मिसळतात. बीज आणि शुक्राणू नळ्यांतून जातात. हा फरक नीट कळला की बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. पुरुषाच्या नसबंदीत शुक्रवाहिनी कापतात. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, ते रक्तात पूर्वीइतकंच राहतं. वीर्यही जवळजवळ तेवढंच येतं, कारण त्यात शुक्राणू आणि त्यांच्यासोबतच्या द्रवाचा वाटा अगदी थोडा असतो. बहुतांश भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या पुढच्या ग्रंथींचा. (कापलेल्या जागेच्या पुढच्या नळीत आधीचे शुक्राणू शिल्लक असतात, म्हणून साधारण तीन महिने आणि वीर्यतपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरावं लागतं. हे विसरल्याने होणारे घोळ पुष्कळ.) स्त्रीच्या नसबंदीतही बीजवाहिन्या बंद होतात, अंडाशयाला हात लागत नाही, पाळीचं चक्र चालूच राहतं. आणि फक्त गर्भाशय काढलं, अंडाशय ठेवले, तर रक्तस्राव थांबतो पण अंडाशयातलं महिन्याचं चक्र चालू राहतं. पिशवी काढली म्हणजे लगेच रजोनिवृत्ती आली असं होत नाही, फार तर ती थोडी लवकर येऊ शकते.

नळ्यांबद्दल एक गोष्ट आकृत्यांत हमखास चुकीची दिसते. बीजवाहिनी अंडाशयाला चिकटलेली नसते. ती १० ते १२ सेंटीमीटर लांब असते, तिच्या टोकाला झालर असते, आणि बीज बाहेर पडायच्या सुमारास ही झालर अंडाशयावरून फिरते. बीज मोकळ्या पोकळीत सुटतं आणि झालर ते आत ओढून घेते. कधीकधी एका बाजूच्या अंडाशयाचं बीज दुसऱ्या बाजूची नळीही उचलते.

पुरुषाच्या बाजूला काय चालतं

इथे महिन्याचं चक्र नाही. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. एफएसएच सर्टोली पेशींवर काम करतं, आणि या पेशी वाढत्या शुक्राणूंना सांभाळतात. दोन्ही वृषणांतल्या बारीक नलिका सरळ केल्या तर काही शे मीटर भरतील. त्यांच्या भिंतीत दिवसाला कित्येक कोटी शुक्राणू तयार होतात. एका शुक्राणूला घडायला सुमारे ७० दिवस लागतात. त्यानंतर तो अधिवृषणात जातो, म्हणजे वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या, उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल अशा एका नळीत, आणि तिथे पोहायला शिकतो. मोठा ताप येऊन गेल्यावर वीर्यतपासणी बिघडलेली दिसली तर ती त्या आठवड्याची नसते, मागच्या दोन-तीन महिन्यांची कहाणी असते. वृषणं पोटाबाहेर असण्याचं कारणही उष्णता. त्यांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड राहावं लागतं. थंडीत अंडकोष आक्रसून वर जातो आणि उकाड्यात सैल पडतो तो याचसाठी.

हार्मोन्सचं नियंत्रण इथे सरळ आहे. टाकी भरली की तरंगणारा गोळा वर येतो आणि नळ बंद होतो, तसं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढलं की हायपोथॅलॅमसचे ठोके आणि पिट्युटरीचं एलएच कमी होतं. सर्टोली पेशी इनहिबिन नावाचं हार्मोन सोडून एफएसएचला आवर घालतात.

ही साधी रचना न कळल्याने जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या स्टिरॉइडचा तोटा होतो. शुक्राणू बनायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असावं लागतं, आणि ते तिथेच बनावं लागतं. बाहेरून इंजेक्शन घेतलं की रक्तात ते भरपूर दिसतं, वरचा नळ बंद होतो, एलएच कोसळतं आणि वृषणाच्या आतली पातळी घसरते. माणूस पिळदार होतो, वृषणं बारीक होतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. १९९० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने याच तत्त्वावर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासली होती, आणि बहुतेक पुरुषांचे शुक्राणू नाहीसे झाले किंवा फार घटले होते. मूल हवं असलेल्या पुरुषाला ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉन देणं म्हणजे हेतूच्या नेमकं विरुद्ध जाणं. थांबवल्यावर बहुधा शुक्राणू परत येतात, पण महिने जातात.

पुरुषांच्या शरीरातही थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे ज्याला आपण बायकी म्हणतो त्या हार्मोनमध्ये, बदलतं आणि त्याची गरज असते. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण हाडांची टोकं जुळली नव्हती, उंची अजून वाढत होती आणि हाडं ठिसूळ होती. उलट बाजूने, अंडाशयातलं सगळं इस्ट्रोजेन आधी अँड्रोजेन म्हणून, म्हणजे ज्याला आपण पुरुषी म्हणतो त्या गटातलं हार्मोन म्हणून तयार होतं. फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एलएचच्या सांगण्यावरून ते बनवतात, आतल्या पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रोजेन करतात. एका थराला दुसऱ्याशिवाय काम करता येत नाही.

दोन्ही शरीरांत इतकं साम्य असायला मूळ कारण आहे. पहिले सहा आठवडे गर्भात दोन्ही प्रकारच्या नळ्यांचे आराखडे असतात. वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय नावाचं जनुक (ते १९९० मध्ये सापडलं) चालू झालं की वृषण बनतं. मग ते दोन निरोप देतं. एएमएच हे हार्मोन गर्भाशय आणि बीजवाहिन्या होऊ शकणाऱ्या नळ्या विरघळवतं, टेस्टोस्टेरॉन दुसरी जोडी टिकवून त्यातून शुक्रवाहिन्या करतं.

एका फॉलिकलचे दोन आठवडे

आता स्त्रीच्या बाजूला, जिथे गोष्ट खरी गुंतागुंतीची होते.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात फक्त ४०० ते ५००. बाकीच्या तिथेच विरून जातात, गोळ्या घेतल्या, गरोदर राहिली, काही झालं तरी. प्रत्येक बीजपेशीने आपलं विभाजन जन्माआधीच सुरू करून अर्ध्यात थांबवलेलं असतं. चाळिशीतल्या स्त्रीचं बीज खरोखर चाळीस वर्षं त्या अर्धवट अवस्थेत बसलेलं असतं. वय वाढल्यावर गुणसूत्रांच्या वाटपात चुका वाढतात त्या बऱ्याच अंशी यामुळे.

प्रत्येक बीजाभोवती पेशींचं वेष्टण असतं. ते म्हणजे फॉलिकल. झोपलेलं फॉलिकल जागं होऊन पूर्ण वाढायला अनेक महिने घेतं, आणि त्यातले सुरुवातीचे महिने एफएसएचवर अवलंबूनही नसतात. पाळीच्या पहिल्या दिवशी काही मिलिमीटरची अशी एक तुकडी अंडाशयात तयार असते. त्या दिवसांत एफएसएच थोडं वर चढलेलं असतं, त्यावर ही सगळी वाढू लागतात आणि इस्ट्रोजेन सोडू लागतात. इस्ट्रोजेन आणि इनहिबिन वर जाऊन एफएसएच खाली आणतात. आता एफएसएच सगळ्यांना पुरत नाही. ज्या फॉलिकलने सर्वांत जास्त रिसेप्टर जमवले ते कमी एफएसएचवरही वाढत राहतं, बाकीची काही दिवसांत मरतात. म्हणजे जिंकणारं फॉलिकल स्वतःच्या हार्मोनने भावंडांची रसद तोडतं. माणसात बहुधा एका वेळी एकच बीज का निघतं, याचं उत्तर हे.

आयव्हीएफची (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातली) इंजेक्शनं इथेच हस्तक्षेप करतात. बाहेरून एफएसएच देऊन पातळी खाली येऊ देत नाहीत, म्हणून दहा-बारा फॉलिकल एकाच वेळी मोठी होऊ शकतात. ‘इंजेक्शनांनी बीजांचा साठा लवकर संपतो’ ही भीती वारंवार ऐकू येते. ती निराधार आहे. वाचवलेली बीजं त्याच महिन्यात मरणारच होती.

जिंकलेलं फॉलिकल वाढून २० मिलिमीटरच्या आसपास येतं. सोनोग्राफीने दर दोन दिवसांनी फॉलिकल मोजतात ते यासाठीच. त्याचं इस्ट्रोजेन एव्हाना खूप वाढलेलं असतं, आणि इतका वेळ नळ बंद करणारं हेच हार्मोन अचानक उलटं वागू लागतं. रक्तातलं इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर गेलं आणि सुमारे दोन दिवस तिथे टिकलं, की पिट्युटरी एलएच दाबण्याऐवजी एकदम सोडून देते. एलएचची लाट उसळते. उंची आणि मुदत अशा दोन अटी आहेत, त्यामुळे थोड्या वेळापुरती वाढलेली पातळी चालत नाही. फॉलिकल पिकलं आहे याची खात्री पटवण्याची यापेक्षा चोख रीत मला तरी सुचत नाही, कारण एवढं इस्ट्रोजेन इतका वेळ फक्त पिकलेलं फॉलिकलच देऊ शकतं. घड्याळ खाली असतं म्हणतात ते याच अर्थाने.

लाट सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी फॉलिकल फुटतं. मधल्या वेळात बीज आपलं वर्षानुवर्षं थांबलेलं विभाजन पुढे नेतं. ते बाहेर पडतं तेव्हा त्याचा व्यास असतो सुमारे ०.१ मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा ठिपका. कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये सस्तन प्राण्याचं बीज पहिल्यांदा ओळखलं. ते एका कुत्रीचं होतं.

बीज १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून गर्भ राहण्याचे दिवस साधारण सहा: बीज सुटण्याआधीचे पाच आणि सुटण्याचा एक. हे दिवस मोजताना ‘पाळीच्या चौदाव्या दिवशी बीज सुटतं’ हे वाक्य लोक डोळे झाकून वापरतात. ते २८ दिवसांच्या चक्रापुरतं आणि तेही सरासरीने खरं आहे. बीज सुटल्यानंतरचा काळ बराचसा ठरलेला असतो, साधारण दोन आठवडे. आधीचा काळ फॉलिकलच्या मर्जीवर लांबतो किंवा आखडतो. ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. आजारपण, प्रवास, ताण यांनी पाळी पुढे जाते तेव्हा बहुतेक वेळा आधी बीज सुटणंच पुढे गेलेलं असतं.

पिवळा पिंड आणि गर्भाशयाचं अस्तर

फुटलेलं फॉलिकल वाया जात नाही. त्याच्या भिंतीचा पिवळसर पिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. या हार्मोनमुळे शरीराचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढतं, गर्भाशयमुखाशी पाझरणारा पातळ, ताणला जाणारा स्राव घट्ट होतो, आणि जीएनआरएचचे ठोके मंदावतात: तास-दीड तासाचं अंतर तीन-चार तासांवर जातं. या पिंडाचं आयुष्य मोजकं, सुमारे दोन आठवडे. त्याला वाचवायला कोणी आलं नाही तर तो सुकतो.

इतक्या वेळात गर्भाशयात काय चालतं? गर्भाशय सात-आठ सेंटीमीटरचा, जाड स्नायूंचा अवयव. त्याच्या आतल्या अस्तराला स्वतःची अशी तारीख नाही. इस्ट्रोजेन आलं की ते जाड होतं, प्रोजेस्टेरॉन आलं की मऊ आणि पोषक होतं, आणि प्रोजेस्टेरॉन काढून घेतलं की गळतं. १९४० मध्ये जे. ई. मार्की यांनी माकडिणीच्या गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडे तिच्याच डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक कप्प्यात रुजवले आणि पाळी चक्क डोळ्यांनी पाहिली. डोळ्यातलं अस्तरही वेळ झाली की गळत होतं. आधी त्यातल्या नागमोडी रक्तवाहिन्या आवळल्या जायच्या, मग रक्त यायचं. गर्भाशयाशी काही संबंध उरलेला नसताना, निव्वळ रक्तातल्या हार्मोनच्या जोरावर.

अस्तर गळताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. तीच स्नायू आवळतात, तीच ओटीपोटात कळा आणतात. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक आम्लासारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात, त्यामुळे ती कळ टोकाला जाईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली जास्त लागू पडतात. पूर्ण पाळीत रक्त जातं ते सरासरी ३० ते ४० मिलिलिटर. ८० च्या वर गेलं तर ते जास्त समजतात.

गर्भनिरोधक गोळ्या (अमेरिकेत त्यांना १९६० मध्ये मान्यता मिळाली) हा सगळा संवाद वरच्या पातळीवर थांबवतात. रोजच्या ठरावीक हार्मोनमुळे एफएसएच दबलेलं राहतं, फॉलिकल मोठं होत नाही, लाट येत नाही. पाकीट संपल्यावर येणारा रक्तस्राव हार्मोन थांबल्याने गळालेल्या अस्तराचा असतो. त्याआधी बीज सुटलेलंच नसतं.

आणि पिंडाला वाचवायला कोणी आलंच तर? फलित बीज काही दिवसांत गर्भाशयात पोचतं आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास रुजू लागतं. त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी सोडतात. हे हार्मोन एलएचशी इतकं मिळतंजुळतं आहे की पिंडावरच्या एलएचच्याच रिसेप्टरला जाऊन बसतं. पिंड सुकायचा थांबतो, प्रोजेस्टेरॉन चालू राहतं, अस्तर टिकतं, पाळी चुकते. लघवीची चाचणी हेच एचसीजी शोधते. आठ-दहा आठवड्यांत वार स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि पिंडाची गरज संपते. मेंदूला यातलं काही ठरवावं लागत नाही.

ताल बिघडतो तेव्हा

फार कमी खाणाऱ्या किंवा अति व्यायाम करणाऱ्या मुलींची पाळी थांबते तेव्हा अंडाशय बहुधा ठणठणीत असतात. चरबीकडून येणारा लेप्टिनचा निरोप मंदावला की हायपोथॅलॅमस ठोके कमी करतो. अंगावर पाजणाऱ्या आईत दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन हेच करतं. पीसीओएस या अंडाशयाच्या हार्मोन-विकारात अनेकदा उलट असतं. ठोके वेगाने पडतात, त्यामुळे एलएच वाढतं आणि एफएसएच मागे राहतं. फॉलिकलचा बाहेरचा थर अँड्रोजेन बनवत सुटतो, आतल्या थराला पुरेसं एफएसएच नाही, एका फॉलिकलची निवड होत नाही, आणि लहान लहान फॉलिकल अडकून बसतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ त्याच. काढून टाकण्यासारखं तिथे काही नसतं. बीज न सुटल्याने पिवळा पिंड नाही, पिंड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, आणि अस्तरावर महिनोन्महिने एकट्या इस्ट्रोजेनचा मारा. मग पाळी महिनोन्महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. काही दिवस प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी देऊन बंद करतात ते अस्तर एकदा नीट गळून जावं म्हणून.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही इथेच सांगायला हवं. एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल बहुधा पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तपासतात, प्रोजेस्टेरॉन पुढच्या अपेक्षित पाळीच्या साधारण आठवडाभर आधी, पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन सकाळी. कधी रक्त काढलं हे माहीत नसेल तर आकड्याला काही अर्थ राहत नाही. एएमएच (गर्भातलं वृषण सोडतं तेच हार्मोन; स्त्रीमध्ये ते लहान फॉलिकल सोडतात) कोणत्याही दिवशी चालतं, पण ते बीजांच्या साठ्याचा अंदाज देतं, बीजांच्या दर्जाचा नाही.

फॉलिकल संपत आली की पाळी जाते, बहुतेकींची ४५ ते ५५ या वयात. इस्ट्रोजेन आणि इनहिबिन नसल्याने वरचा नळ पूर्ण उघडा राहतो आणि एफएसएच कित्येक पटींनी वाढतं. अंगातून वाफा निघणं हेही हायपोथॅलॅमसमध्येच घडतं. ठोका देणाऱ्या पेशींना चालवणाऱ्या काही मज्जापेशी इस्ट्रोजेनचा आवर सुटल्याने मोठ्या होतात, जास्त काम करू लागतात आणि शेजारच्या तापमान-केंद्राला चिथावतात. त्यांचा निरोप अडवणारं फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. त्यात हार्मोन मुळीच नाही.

रजोनिवृत्ती आली हे मागे वळून ठरवतात: सलग १२ महिने पाळी आली नाही तर. त्यानंतरही चरबीत थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, पण त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन आता कधीच येत नाही. त्यामुळे वर्षभराच्या खंडानंतर थेंबभर जरी रक्त गेलं, तरी ‘उरलीसुरली पाळी असेल’ म्हणून सोडून न देता अस्तराची तपासणी करून घ्यायची असते. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण अस्तराचा कॅन्सर असेल तर याच थेंबामुळे तो लवकर सापडतो.